प्रति: वगळलेले लेख कायमचे जातात का?

'एकदा लेख वगळला की संपलं, म्हणून आधीच कॉपी-पेस्ट करून ठेवा' हे या चर्चेतलं वरचं म्हणणं पटलं नाही. विकिपीडियावर वगळलेला लेख सहसा वाचकांपुरताच दिसेनासा होतो. जुन्या आवृत्त्या विदागारात (डेटाबेसमध्ये) असतात आणि प्रचालकांना, म्हणजे लेख वगळण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांना, दिसतात. सभ्यपणे मागितलं तर बरेचदा मजकूर सदस्याच्या उपपानावर, म्हणजे त्याच्या सदस्य पानाखालच्या वेगळ्या पानावर, परत मिळतो. प्रताधिकारभंगाचा किंवा बदनामीचा मजकूर मात्र मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

कॉपी-पेस्ट करून ठेवा, हा सल्ला अर्धवट वाटतो. विकिपीडियाचा परवाना सीसी बाय-एसए (क्रिएटिव्ह कॉमन्स) आहे, म्हणजे मजकूर दुसरीकडे टाकायला मुभा आहे, पण लिहिणाऱ्यांना श्रेय द्यावं लागतं, आणि ते श्रेय असतं लेखाच्या इतिहासात, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्या नोंदीत. जुन्या नाशकातल्या वाड्यांवरच्या एका लेखाला वगळण्याचा साचा (तशी सूचना देणारी पाटी) लागला, तेव्हा आमच्या पंचवटीतल्या मित्राने विकिपीडियावरचं 'विशेष:निर्यात' हे पान वापरून इतिहासासकट अख्खा लेख एक्सएमएल फाइलीत उतरवला. तिथे 'फक्त सध्याची आवृत्ती' या चौकटीत आधीच खूण असते, ती काढायची, नाहीतर इतिहास येत नाही. हे लेख असेपर्यंतच जमतं. चित्रं मात्र त्या फाइलीत नसतात, ती वेगळी उतरवा. आणि लेख संदर्भाअभावी जात असेल तर आधी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात एक चक्कर मारा की! 1840 पासूनची संस्था आहे, काहीतरी छापील सापडेलच.