'औटघटकेचा' की 'आरंभशूर'?

प्रश्न :
आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, सगळा जन्म डेट्रॉइटमध्ये गेलेला. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून रेडिओवर टायगर्सची, म्हणजे तिथल्या बेसबॉल संघाची, मॅच ऐकतात. परवा कुंपणापाशी त्यांनी मार्क फिड्रिचची गोष्ट सांगितली. साल १९७६. कुरळ्या केसांचा, एकवीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पहिल्याच मोसमात त्याच्या नावावर १९ विजय, ९ पराभव. चेंडूशी बोलायचा म्हणे. पिचिंगला आला की आधी गुडघ्यांवर बसून उंचवट्याची माती हातानं सारखी करणार, मग चेंडू टाकणार. त्याला बघायला स्टेडियम भरून जायचं. पुढच्या वर्षी सराव शिबिरात गुडघा दुखावला, मग खांदा गेला. त्यानंतरच्या चार मोसमांत मिळून विजय अवघे दहा, आणि १९८० नंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या स्पर्धेत, तो दिसलाच नाही.

हे सगळं मी फोनवर आईला सांगत होते, तर तिनं मध्येच तोडलं, "म्हणजे औटघटकेचा राजा म्हण की!" नवरा म्हणतो, आरंभशूर. आमचं अजून मिटलेलं नाही. कोणाचं बरोबर? आणि इकडचे लोक अशा माणसाला 'फ्लॅश इन द पॅन' म्हणतात, त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

उत्तर :
आईंचं. आरंभशूर या शब्दातच ठपका आहे. जिमची वर्षाची फी भरून आठवडाभर जातो, तो आरंभशूर. फिड्रिच खालच्या मायनर लीगमध्ये परत जाऊन १९८३ पर्यंत धडपडत होता. खांद्याचा स्नायू फाटलाय हे निदान व्हायला १९८५ उजाडलं! अशा माणसाला आरंभशूर म्हणणं अन्यायाचं आहे. यजमानांना सांगा.

उत्तर :
औट म्हणजे साडेतीन. आमच्या वडिलांना पावकी, निमकी, अडीचकीबरोबर औटकीही पाठ होती. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे औटघटका झाली ८४ मिनिटं. तेवढ्यात बेसबॉलची मॅचसुद्धा संपत नाही. अलीकडे काहीजण 'आऊटघटका' लिहितात, ते मात्र चूक. त्या औटाचा इंग्रजी 'आउट'शी काही संबंध नाही.

उत्तर :
इंग्रजी शब्दप्रयोग ठासणीच्या बंदुकीवरून आला. बंदुकीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या बारीक भोकाशी, छोट्या खळग्यात (तोच 'पॅन') चिमूटभर बारीक दारू ठेवायची, तिला आपल्याकडे 'रंजक' म्हणत. ठिणगी पडली की रंजक भपकन पेटायची आणि कानातून आग आत जाऊन बार उडायचा. कधी नुसती रंजकच जळायची. उजेड झाला, धूर झाला, गोळी जागच्या जागी. तेव्हा मूळ अर्थानं 'नुसती रंजक जळाली' हे चपखल आहे, पण आज कोणाला कळणार? 'फुसका बार' तरी कळतो.

पण गंमत अशी की यातलं काहीच फिड्रिचला लागू पडत नाही. त्याचा बार जोरात उडाला होता. त्या मोसमात त्यानं २९ मॅचमध्ये पहिल्यापासून पिचिंग केलं आणि त्यातल्या २४ शेवटपर्यंत एकट्यानं ओढल्या. ज्याचा गाजावाजा झाला आणि मैदानात काहीच दिसलं नाही, तो फुसका बार.

उत्तर :
'नव्याचे नऊ दिवस' कसं वाटतं? क्लीव्हलँडचा 'जो शार्बोनो' नावाचा खेळाडू घ्या. १९८० मध्ये २३ होम रन, अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित, त्याच्यावर गाणंसुद्धा निघालं. डोळ्याच्या खोबणीत धरून बिअरची बाटली उघडतो अशी ख्याती. (घरी करून बघू नये.) पुढच्याच वर्षी पाठीनं दगा दिला, १९८२ नंतर संपलं. एकूण मॅच २०१.

उत्तर :
नऊ दिवस बघणाऱ्याचे असतात हो. नवी सून तीच असते, कौतुक आटतं. शार्बोनोची पाठ गेली, त्यात लोकांच्या कौतुकाचा काय संबंध? तिथंही औटघटकाच.

प्रश्नकर्ती :
पटलं. मग 'कप ऑफ कॉफी'? मेजर लीगमध्ये जेमतेम डोकावून गेलेल्याला म्हणतात. आजोबांनी मूनलाइट ग्रॅहमचं नाव सांगितलं. २९ जून १९०५, न्यूयॉर्क जायंट्सकडून एकच मॅच. शेवटी शेवटी क्षेत्ररक्षणाला उभा केला, पण बॅटिंगची पाळी यायच्या आत मॅच संपली. पुढे तो मिनेसोटातल्या चिझम गावी डॉक्टर झाला.

उत्तर :
'कप ऑफ कॉफी'ला 'उभ्या उभ्या चहा घेऊन गेला' म्हणता येईल. पण ग्रॅहमला कप तरी कुठं मिळाला? तो पानावरून उठवलेला. पाट मांडला, पान वाढलं आणि हात लावायच्या आत 'उठा'.

उत्तर :
'उभ्या उभ्या येऊन गेला' यात जाणाऱ्याची मर्जी असते, 'पानावरून उठवला' यात वाढणाऱ्याची. ग्रॅहमची तर मॅचच संपली, त्याला दुसरंच हवं.

प्रश्नकर्ती :
काल आजोबांना औटघटकेचा अर्थ सांगितला. त्यांना नुसतं 'आउट' ऐकू आलं. म्हणाले, "इनिंग तीन आउटची असते. वरचा अर्धा तुम्ही कुठून आणलात?"