मदत हवी आहे: वेल्डिंगच्या कामासाठी चामडी इंजिनिअर बूट, माप ९½ ई घ्यावे की १० डी (आकडा लांबीचा, अक्षर रुंदीचे; डीपेक्षा ई रुंद)?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत माझे फॅब्रिकेशनचे लहानसे शेड आहे. यंत्रमाग कारखान्यांचे स्टँड, पत्र्याच्या शेडचे ट्रस, उसाच्या ट्रॉलीची दुरुस्ती अशी कामे आम्ही करतो आणि दिवसाचे सात-आठ तास वेल्डिंगचा होल्डर माझ्याच हातात असतो. गेल्या चैत्रात डोक्यावरचा जोड मारत असताना वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब माझ्या सेफ्टी बुटाच्या लेसमध्ये अडकला, खालची जीभ आणि मोजा जाळून आत गेला, आणि गाठ सुटून बूट पायातून निघेपर्यंत पावलावर रुपयाएवढी जखम झाली. जखम भरली, पण लेसची ती गाठ सुटत नव्हती ते क्षण मी विसरलेलो नाही. तेव्हापासून लेस नसलेला बूट घ्यायचा, एकदाच घ्यायचा आणि चांगला घ्यायचा, असे मी ठरवले आहे.

शोध घेता घेता इंजिनिअर बुटांपर्यंत पोहोचलो. अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला हा उंच नळीचा बूट सरळ पायात ओढून घालायचा असतो. पावलावर एक पट्टा आणि बक्कल, नळीच्या वरच्या काठाशी दुसरे लहान बक्कल, आणि ठिणगी अडकून राहील अशी जागा पुढच्या बाजूस जवळजवळ नाहीच. जहाजबांधणीच्या गोदीतले वेल्डर तो वापरत असत आणि पुढे मोटारसायकलवाल्यांनी तो उचलला, असे वाचले. माझ्या कामाला याहून योग्य बूट मला दिसलेला नाही.

अडचण मापाची आहे. बूट परदेशातून मागवावा लागणार असून तो परत पाठवायचा झाल्यास जाण्या-येण्याचा खर्च आणि कस्टम ड्युटी पाहता चूक परवडणारी नाही. त्यासाठी दोन वर्षे बाजूला टाकलेले तीस-पस्तीस हजार रुपये आहेत. म्हणून शक्य तितकी काळजी घेऊन मापे घेतली आहेत. संध्याकाळी काम आटोपल्यावर, पाय सुजलेला असताना, वर्तमानपत्रावर दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन उभा राहिलो आणि मुलाने पेन्सिल उभी धरून कड काढली. डावा पाय २६२ मिलिमीटर, उजवा २६६. चवड्याचा घेर सकाळी २५८ आणि संध्याकाळी २६१ भरला. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा हा फरक आणखी वाढेल.

त्यानंतर पुण्यात एका दुकानात ब्रॅनॉक या पाय मोजायच्या उपकरणावर उभा राहिलो. पायाची इंचांतली लांबी तिनाने गुणून त्यातून २२ वजा केले की त्यावरचा पुरुषांचा अमेरिकन आकडा मिळतो. माझ्या उजव्या पायाचा तो ९.४, म्हणजे व्यवहारात ९½ येतो आणि उपकरणानेही तेच दाखवले. मात्र टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंतची लांबी पाहणारी सरकती पट्टी १० वर थांबली आणि रुंदी ई निघाली. म्हणजे माझी बोटे आखूड आणि कमान लांब आहे.

एका स्नेह्यांकडे असलेला १० डी मापाचा जोड अर्धा तास घालून पाहिला. पाय आत जाताना वळणावर अडकला आणि मग टाच एकदम खाली बसल्याचा आवाज आला. अंगठ्यापुढे जागा होती, चालताना टाच साधारण एक सेंटिमीटर उचलली जात होती, करंगळी दबत होती, आणि बूट काढल्यावर पावलाच्या उंचवट्यावर आडवा लाल वळ उमटलेला होता.

चामड्याबद्दल माझी निवड जवळपास पक्की आहे. वरचा थर न घासलेले, तेलमेण मुरवलेले, दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचे गाईचे चामडे हवे. काळ्या रंगाखाली तपकिरी गाभा असलेले चामडे झिजल्यावर फार देखणे दिसते, पण कामाच्या बुटासाठी मी त्याचा आग्रह धरणार नाही. तळाच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. माझा आधीचा पॉलियुरेथेन तळाचा जोड दोन पावसाळे कपाटात राहिला आणि बाहेर काढल्यावर त्याचा तळ ओल्या खारीसारखा बोटांत भुगा झाला. ओलाव्याने ते रसायन आतून तुटत जाते, हे नंतर समजले. म्हणून वेल्ट (बुटाच्या कडेने फिरणारी, तळ जिला शिवतात ती चामड्याची पट्टी) लावून शिवलेला, बदलता येणारा रबरी तळच हवा.

जाणकारांना माझे विचारणे असे, की ९½ ई, १० डी की आणखी काही? टाच उचलली जाणे हा दोष समजायचा का? आणि पावलावरचा तो वळ चामडे मऊ झाल्यावर नाहीसा होतो का?

प्रतिसाद १

आपण मापे इतकी नीट दिली आहेत की उत्तर देणे सोपे झाले आहे. माझ्या मते १० ई घ्यावा.

ब्रॅनॉकवर दोन लांब्या वेगवेगळ्या आल्या तर मोठी धरावी, असा नियम आहे, कारण बूट चवड्याच्या सांध्याशीच वाकला पाहिजे. ९½ घेतलात तर आपला चवडा बुटाच्या सर्वांत रुंद भागाच्या पुढे जाईल, तळ चुकीच्या जागी वाकेल, आणि अंगठ्याला जागा असूनही दिवसभर पाऊल दुखेल. आपल्या बाबतीत अंगठ्यापुढची जास्तीची जागा हा दोष नाही.

आता रुंदी. अमेरिकन मापात पूर्ण एक नंबर वाढला की चवड्याचा घेर साधारण पाव इंच वाढतो, आणि तोच नंबर ठेवून रुंदीचे एक अक्षर वाढवले तरीही घेर तेवढाच वाढतो. म्हणून ९ ई आणि १० डी यांचा घेर जवळपास सारखाच असतो, फरक लांबीचा असतो. दुकानदार रुंद पायाला लांब बूट देऊन वेळ मारून नेतात ते याच हिशेबावर. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली, तेव्हाही आपले पाय परदेशी मापांच्या मानाने रुंद आढळले. त्यामुळे रुंदीचे अक्षर मागून घेण्यात संकोच करू नये.

टाचेचे म्हणाल तर नव्या, कडक तळाच्या ओढून घालायच्या बुटात एक सेंटिमीटर उचल स्वाभाविक आहे. तळ वाकू लागला की ती कमी होते. या बुटात पाय धरून ठेवतो तो पावलाचा उंचवटा. पट्ट्याने फार तर थोडे आवळता येते, सैल बूट घट्ट होत नाही. आणि म्हणूनच तो लाल वळ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चामडे रुंदीला सैलावते, लांबीला नाही, आणि उंचवट्यावर अगदी थोडे. केवळ दाब असेल तर महिन्याभरात जाईल. मुंग्या येत असतील किंवा बोटे बधिर होत असतील तर तो फर्माच, म्हणजे ज्या साच्यावर बूट बेतला तो आकारच, आपल्या पायाचा नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. मुंग्या आल्या नव्हत्या, केवळ दाब होता. १० ई हा पर्याय मला सुचलाच नव्हता; मी लांबी आणि रुंदी यांतले एकच वाढवायचे, असे धरून चाललो होतो.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षे साखर कारखान्याच्या देखभाल विभागात काढली आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, पँट नेहमी बुटाच्या नळीवरून बाहेर सोडावी. नळीत खोचली तर वरचे तोंड ठिणग्यांना पन्हाळीसारखे होते आणि लेसपेक्षा वाईट भाजते. दुसरी, बुटाच्या टोकाला बोटांवर पोलादी टोपी घेणार असाल तर ती तसूभरही सैलावत नाही, त्यामुळे करंगळी पहिल्या दिवसापासून मोकळी हवी. आपल्याकडच्या आयएस १५२९८ मानकाच्या सेफ्टी बुटाची टोपी २०० जूलचा आघात सोसते; हौशी लोकांसाठी बनवलेल्या पुष्कळ इंजिनिअर बुटांना अशी टोपी नसतेच, हे विचारून घ्यावे. तळ नायट्राइल रबराचा मागा. उष्णतारोधक म्हणून प्रमाणित तळाची चाचणी ३०० अंश सेल्सिअसवर एक मिनिट घेतात. आपल्या शेडमध्ये नुकत्याच कापलेल्या पट्टीवर पाय पडतोच.

आणखी एक माप बनवणाऱ्याला कळवा, टाचेच्या मागच्या टोकापासून पावलाच्या वळणावरून फिरणारा तिरका घेर. पाय नळीतून खाली उतरेल की नाही, हे त्यावर ठरते. पाय आत जाताना अडकला असे आपण लिहिले आहे, तो अडकला तो इथेच.

धागाकर्ता

आज संध्याकाळी तो घेर मोजला. उजव्या पायाचा ३५२ मिलिमीटर आणि डाव्याचा ३४८ भरला. दोन्ही आकडे, वर्तमानपत्रावरच्या आकृतीचा फोटो आणि कामाला घालतो त्या जाड सुती मोज्यांचा तपशील आज रात्रीच बनवणाऱ्यांना पाठवतो आहे. मागणी १० ई, पोलादी टोपी, नायट्राइल तळ आणि ११ इंची नळी अशी लिहितो. नळी याहून उंच घेतली तर मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दिवस काढणे कठीण होईल.

एक शेवटची विचारणा आहे. वेल्ट उसवून, जुनी भोके सांभाळून नवा तळ हाताने शिवणारे कारागीर सोलापुरात कोणाला माहीत आहेत का? शिवणाऐवजी डिंकाने चिकटवून देणारे नकोत. सोलापुरात नसतील तर पुणे किंवा कोल्हापूरही चालेल. दुकानाचा परिसर सांगितला तरी मी स्वतः जाऊन त्यांचे काम पाहीन.