मदत हवी आहे: हवाई मालासाठी एसएएफ (शाश्वत विमान इंधन) सर्टिफिकेट घेताना काय तपासायचं?

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं सुट्या भागांचं छोटं युनिट आहे. दर महिन्याला साधारण 350 किलो माल ट्रकने मुंबईला आणि तिथून विमानाने जर्मनीला जातो. गिऱ्हाइकाची मशीन बंद पडलेली असते, त्यामुळे जहाजाने पाठवा असं कृपया सुचवू नका. जे थांबू शकतं ते आम्ही आधीच समुद्रमार्गे वळवलंय.

आता गिऱ्हाइकाला त्यांच्या स्कोप 3 च्या, म्हणजे पुरवठा-वाहतुकीतून होणाऱ्या अप्रत्यक्ष कार्बन उत्सर्जनाच्या, हिशोबासाठी शाश्वत विमान इंधनाचा, म्हणजे एसएएफचा पुरावा हवाय. ते इंधन आपल्याच विमानात भरलं जात नाही, दुसरीकडे भरून त्याची कार्बन घट आपल्या नावे लावतात, ही 'बुक अँड क्लेम'ची पद्धत मला समजली आहे. झाडं लावण्याचं ऑफसेट त्यांना चालत नाही.

फॉरवर्डरकडे, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजंटकडे, विचारलं तर एक पानी पत्र आलं. 'ग्रीन शिपमेंट' असं ठळक अक्षरात, खाली शिक्का. किती लिटर इंधन, कशापासून बनवलं, कोणत्या बॅचचं, काहीच नाही. असं पत्र पुढे पाठवायला मन धजत नाही. उद्या तीच घट आणखी कुणाला विकलेली निघाली तर? एका कुरिअर कंपनीने तर आमचा माल कमी म्हणून योजनाच नाकारली.

कुणी एवढ्या कमी मालासाठी एसएएफ घेतलंय का? आयएससीसी प्रमाणपत्राव्यतिरिक्त (इंधन शाश्वत असल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) आणखी कोणते कागद मागावेत, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे अशा घटीच्या नोंदवहीत, घट आमच्या नावे नोंदवायची की थेट गिऱ्हाइकाच्या?