कर्ज आधी फेडायचं की आधी गंगाजळी उभी करायची?

हिशेबनीस (धागाकर्ता)

आकडे समोर ठेवून बोलू. नाशिकच्या सिडकोत राहणारं चौघांचं कुटुंब धरा. एकाची सातपूरला नोकरी, हातात येणारा पगार ४२,००० रुपये. घराचा हप्ता १३,५००, दुचाकीचा ३,२००. किराणा, भाजी, दूध, गॅस, वीज, शाळेची रिक्षा, मोबाइल मिळून २०,०००. उरले ५,३००. क्रेडिट कार्डावर ६०,००० थकलेले आहेत, दर महिना साडेतीन टक्के.

माझं मत स्पष्ट आहे. कार्ड मिटेपर्यंत बचत नावाची गोष्ट करू नये. ६०,००० वर महिन्याचं व्याज २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, म्हणजे २,४७८ रुपये नुसते जळतात. बँक सांगते ती किमान रक्कम साधारण ५ टक्के, म्हणजे ३,०००. तेवढीच भरली तर मुद्दल ५२२ ने कमी होतं. पूर्ण ५,३०० भरले तर साधारण १६ महिन्यांत कार्ड संपतं आणि व्याज-करापोटी साडेबावीस हजार जातात. तुम्ही १५,००० ची गंगाजळी, म्हणजे अडीअडचणीसाठीची राखीव रक्कम, बचत खात्यात ठेवलीत तर तिथे वर्षाला अडीच-तीन टक्के मिळतात. तेच १५,००० कार्डात न भरल्याचा भुर्दंड महिन्याला ६२० रुपये. हे मला पटत नाही. कुणाला पटत असेल तर कारण सांगा.

पाथर्डी फाटा

साहेब, गणित बरोबर आहे, पण त्यात सोळा महिने घरात काहीच बिघडत नाही. कार्डात पैसे भरून लिमिट मोकळं केलं की तीच गंगाजळी, असं बरेच जण धरतात. तसं होत नाही, त्याची तीन कारणं.

पहिलं, मागची बाकी थकलेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज औषधं घेतली तर व्याज आजपासून. दुसरं, प्लंबर, वायरमन, गवंडी रोख मागतात. कार्डातून रोख काढली तर साधारण अडीच टक्के शुल्क, त्याला किमान काही शेकड्यांची अट, आणि व्याज त्याच दिवसापासून. तिसरं, लिमिट बँकेच्या मर्जीवर असतं. एखादा हप्ता चुकला आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसला की दुसरी बँकसुद्धा तिच्या कार्डाचं लिमिट कमी करू शकते. नेमकी गरज असते तेव्हाच दार बंद.

म्हणून आधी १५,००० बाजूला. महिन्याला ६२० हा माझ्या दृष्टीने विम्याचा हप्ता आहे.

हिशेबनीस

पाथर्डी भाऊ, विमा म्हणायला हरकत नाही, पण महाग विमा आहे. किमान ३,००० भरून उरलेल्या २,३०० मधून १५,००० जमवायला साडेसहा महिने लागतील. त्या काळात मुद्दल जेमतेम साडेतीन-चार हजारांनी उतरेल. मी ३,००० रोख घरात ठेवायला तयार आहे. नळ, पंखा, पंक्चर एवढ्यासाठी ते पुरतात.

इंदिरानगरची ताई

दोघेही ५,३०० वर भांडताय, पण ते ५,३०० मुळात आहेत का? धाग्यातल्या २०,००० मध्ये फक्त महिन्याचा खर्च धरलाय. वर्षातून एकदाच येणारा खर्च कुठे आहे? साध्या घराचा मांडते. जूनची शाळा (फी, वह्या, गणवेश) १४,०००. दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००. घरपट्टी-पाणीपट्टी ५,०००. दिवाळी १०,०००. घरातली दुरुस्ती ६,०००. बेरीज ३९,०००, भागिले बारा, महिन्याला ३,२५०. म्हणजे खरोखर मोकळे राहतात २,०५०. कार्डाची किमान रक्कमसुद्धा त्यातून निघत नाही.

ज्याला आपण अचानक खर्च म्हणतो त्यातला निम्मा तारखेनिशी ठाऊक असतो. महावितरणचं सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल एप्रिलच्या सुमारास येतं. घरपट्टी एप्रिलमध्येच भरली तर महापालिका सवलत देते आणि पुढच्या महिन्यांत ती कमी होत जाते. हे सगळं बारा ओळींच्या कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावं. ते न करता 'कर्ज आधी' म्हटलं की जूनमध्ये शाळेची फी कार्डावर जाते आणि पाच महिन्यांत भरलेलं मुद्दल एका दिवसात परत चढतं. कुटुंबं नेमकी इथेच अडकतात.

बोनस मिळत असेल तर तो दिवाळीच्या ओळीसमोर लिहा, इतर कुठे नको.

दहीपूल

ताईंचा हिशोब मान्य केला तर दोन्ही बाजू निकालात निघतात. २,०५० मध्ये ना कर्ज फिटतं ना गंगाजळी होते. आधी व्याजाचा दर पाडला पाहिजे. आपल्याकडे त्याचा रस्ता एकच, सोनं तारण.

बँकेकडून १० टक्क्यांच्या आसपास दर मिळाला असं धरा. ६०,००० वर महिन्याचं व्याज ५००. कार्डावर तेच २,४७८. जवळजवळ २,००० चा फरक दर महिन्याला. पूर्ण ५,३०० भरता आले असते तर १२ महिन्यांत, ३,३०० च्या आसपास व्याजात मोकळे. ताईंच्या २,०५० ने भरले तरी ३४ महिन्यांत संपतं. कार्डावर ते कधीच संपत नाही. आणि १५,००० बाजूला ठेवण्याची किंमत ६२० वरून १२५ वर येते, म्हणजे पाथर्डी भाऊंची गंगाजळी परवडायला लागते.

किती सोनं लागेल? रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, आणि हे नियम लागू करायला सगळ्या बँका व वित्त कंपन्यांना १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत दिलेली होती. म्हणजे ६०,००० साठी साधारण ७१,००० चं सोनं. मोजणी निव्वळ सोन्याची होते. खडे, मणी, मेण, घडणावळ यांचं काही धरत नाहीत. भाव दागिन्याच्या प्रत्यक्ष कॅरेटचा लावतात, मागच्या ३० दिवसांची सरासरी किंवा आदल्या दिवसाचा बंद भाव, यांतला कमी असेल तो.

एकरकमी फेडीचं कर्ज घेऊ नका. त्यात बारा महिन्यांनी मुद्दल-व्याज एकदम येतं आणि माणूस नूतनीकरणाच्या फेऱ्यात सापडतो. मासिक हप्त्याचं मागा.

आडगाव नाका

सोनं तारणाला माझा विरोध आहे, आणि तो भावनेपोटी नाही.

कार्ड शून्य झालं की ते पुन्हा वापरलं जातं. सहा महिन्यांनी सोनंही अडकलेलं आणि कार्डावर पुन्हा चाळीस हजार, हा प्रकार फार सामान्य आहे. शिवाय सोनं हीच त्या घराची शेवटची गंगाजळी. ती चैनीच्या थकबाकीसाठी बँकेत ठेवली आणि उद्या खरंच कुणी आजारी पडलं तर पुढे काय?

त्यापेक्षा कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून घ्या. दर बहुधा १५ ते १८ टक्क्यांच्या घरात पडतो, व्याजावर जीएसटी असतोच, प्रक्रिया शुल्क एकदा. ४२ टक्क्यांपेक्षा कितीतरी बरं, आणि जितकी बाकी हप्त्यांत जाते तितकं लिमिट अडकून राहतं. हा फायदाच समजा, कारण पुन्हा खर्च करायला जागा उरत नाही. बँकेला फोन करण्याआधी मुदतपूर्व फेडीचं शुल्क किती ते विचारून घ्या.

दहीपूल

आडगावकर, कार्ड पुन्हा वापरलं जाण्याची भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. सोन्याचे पैसे कार्डात भरले त्याच दिवशी लिमिट १०-१५ हजारांवर आणण्याचा लेखी अर्ज करायचा आणि ॲपमधून ऑनलाइन व रोख व्यवहार बंद करायचे.

दागिने जिचे आहेत तिची संमती तर हवीच, शिवाय कर्ज आणि पावती तिच्याच नावाने करा. मग सोडवायचं की वाढवायचं हे तिच्या सहीशिवाय ठरत नाही. पावतीवर प्रत्येक दागिन्याचं एकूण वजन, निव्वळ वजन आणि कॅरेट वेगवेगळं लिहिलंय का ते तिथेच वाचा. पूर्ण फेड झाल्यावर सोनं त्याच दिवशी किंवा जास्तीत जास्त सात कामकाजी दिवसांत परत मिळालं पाहिजे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. पतसंस्थेला मात्र हे नियम लागू नाहीत, त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. गंगाजळी पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनीही लक्षात घ्या, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, तो पतसंस्थेच्या ठेवीला नसतो.

पंचवटी कारंजा

काटकसर हा विषय कुणी काढलाच नाही. एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरा, उन्हाळ कांदा भरा, मसाला-पापड घरी करा. आपल्या आज्या यावरच संसार चालवत होत्या. कार्ड-बँक नंतर.

हिशेबनीस

पंचवटीच्या ताई, साठवण रोखीने करणाऱ्याला लाभते. दोन क्विंटल गहू ३२ रुपयांनी घेतले तर ६,४०० गुंतले. वर्षभरात किलोमागे पाच रुपये वाचले असं सढळ हाताने धरलं तरी १,००० ची बचत. पण निम्मा गहू सरासरी घरात पडून असतो, म्हणजे ३,२०० रुपये वर्षभर अडकतात. कार्डावर तेवढ्यासाठी वर्षाला दीड हजाराहून जास्त जातात. किड्यांत गेलेला माल वेगळाच. कर्ज १० टक्क्यांवर आलं की तोच खर्च ३२० होतो, मग खुशाल कोठी भरा. तोवर दर महिन्याला २० किलो.

कांद्याचं पटतं. त्यात पैसे थोडे अडकतात आणि फरक मोठा पडतो.

पंचवटी कारंजा

गव्हाचं गणित वाचलं. तरी महिन्याला दुकानातून आणताना पिशवीत आणखी चार वस्तू येतात, त्यांचा हिशोब कुणी धरत नाही.

कांद्याबद्दल नीट लिहिते. टिकतो तो उन्हाळ कांदा, मार्च अखेर ते मेमध्ये येणारा. लाल कांदा साठवू नये, त्याला लवकर कोंब येतात. चौघांना २५ किलो पुष्कळ. बुधवारच्या बाजारात गंगेवर (गोदाघाटावर) घ्या किंवा शेजारी मिळून मार्केट यार्डातून गोणी वाटून घ्या. निवडताना मान बारीक आणि पूर्ण सुकलेली हवी. जाड मानेचा कांदा आतून ओला असतो आणि तिथूनच सडायला लागतो. घरी आणल्यावर दोन-तीन दिवस सावलीत पसरा, मग पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात न ठेवता जाळीच्या टोपलीत, वीतभराहून उंच थर न करता. बटाट्याजवळ नको. पावसाळ्यात दर आठवड्याला हात फिरवून मऊ आणि काळी बुरशी धरलेले बाहेर काढा, एक राहिला तर भोवतालचे पाच जातात.

सातपूर वायरमन

दुरुस्तीच्या ६,००० मधून निम्मे वाचू शकतात. पंखा हळू फिरतोय, हाताने ढकलल्यावर वेग घेतोय, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. अडीच मायक्रोफॅरडचा, शंभराच्या आत येतो. रिवाइंडिंग सांगणाऱ्याला आधी कपॅसिटर बदलून दाखवायला सांगा.

गिझरचं काम ऑक्टोबरातच करा. नाशिकला थंडी पडली की मिस्त्री मिळत नाही. पाणी तापत नसेल तर मुख्य स्विच बंद करून झाकणाखालचं थर्मल कटआउटचं बटण दाबून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर चालू होतो. नाही झाला तर एलिमेंट मोजा. २,००० वॅटच्या एलिमेंटचा रोध २६ ओहमच्या आसपास येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट तुटलंय. स्विच लावताच आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर एलिमेंटमध्ये गळती आहे, तो गिझर वापरूच नका. बोअरचं पाणी असेल तर क्षार साचून हे लवकर होतं. मॅग्नेशियमचा रॉड दोन वर्षांनी बदलला तर टाकी वाचते. एलिमेंट, थर्मोस्टॅट, गॅस्केट काही शेकड्यांचं काम आहे. टाकीच गळत असेल तर एक रुपया घालू नका.

आणि गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायचीच. तिथे काटकसर नको.

इंदिरानगरची ताई

घर बुडतं ते मात्र दवाखान्याने. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवालेही त्यात आले. अडचण इथे होते की लोक आधी अनामत भरतात आणि मग विचारतात. दाखल होतानाच आरोग्यमित्राचं (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाचं) टेबल शोधा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा, हा उपचार योजनेत बसतो का हे विचारा. मंजुरी उपचाराआधी लागते. प्रत्येक आजार यादीत नाही, त्यामुळे साध्या तापासाठी गंगाजळी लागणारच. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यासाठी शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवला तर त्या रात्री तलाठी शोधावा लागत नाही.

आडगाव नाका

आणि काही झालं तरी महिना पाच टक्क्यांच्या सावकाराकडे जाऊ नका. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ प्रमाणे परवाना लागतो, आणि परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर लावता येत नाही. कोरा धनादेश किंवा सही केलेला मुद्रांक दिला असेल तर सहकार खात्याच्या तालुका सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करा.

हप्ता चुकणार हे दिसत असेल तर तारखेच्या आठवडाभर आधी बँकेला लिहा. परत गेलेल्या हप्त्याचं शुल्क दोन्हीकडे लागतं, ज्या बँकेत खातं आहे तिथे आणि जिचं कर्ज आहे तिथे. वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही.

हिशेबनीस

ताईंची वार्षिक खर्चाची ओळ मी उदाहरणात घातली. आता माझी मांडणी अशी: आधी बाकी सोन्यावर किंवा हप्त्यांत वळवावी, वार्षिक खर्चाचे ३,२५० वेगळ्या खात्यात पगाराच्या दिवशीच टाकावेत, आणि उरलेलं सगळं कर्जात. वेगळी १५,००० ची गंगाजळी मला अजूनही जास्त वाटते. त्याच वार्षिक खात्यात जूनपर्यंत पैसे साचलेले असतातच.

पाथर्डी फाटा

आणि जुलैत ते खातं रिकामं असतं. फी भरून झालेली, पाऊस सुरू, गच्ची गळतेय. त्या खात्यातली शिल्लक ८,००० च्या खाली कधीही जाऊ द्यायची नाही, १० टक्क्यांच्या दराने त्याची किंमत महिन्याला ६७ रुपये आहे. त्याखाली मी येणार नाही.