पॅसेजला कोणती लादी लावू? गणपतीच्या आत उरकायचंय

घाईत_ठाणेकर
नमस्कार मंडळी, पटकन सांगा, पॅसेजला कोणती लादी बरी? दुकानदार ग्लॉसी व्हिट्रिफाइड गळ्यात मारतोय, बायको म्हणते वुडन फ्लोअरिंग, भाऊ म्हणतो कोटा. शनिवारी ऑर्डर द्यायची आहे, गणपतीत आमच्याकडे पाहुण्यांची रांग असते त्यामुळे त्याआधी काम संपायला हवं. 'गूगल करा' सांगू नका, करून झालंय.

खडूस
पॅसेज घरातला की लिफ्टसमोरचा? लांबी-रुंदी? कितवा मजला? आत्ता खाली काय आहे? डॉक्टरसमोर बसून नुसतं 'दुखतंय, गोळी द्या' म्हटल्यासारखं झालं हे.

घाईत_ठाणेकर
घरातलाच हो, हॉल ते बेडरूम, असतो तसा नॉर्मल पॅसेज. आत्ता मोझेक आहे.

मोझेकप्रेमी
मोझेक आहे आणि बदलताय?? अहो त्यात वर मार्बलचे चिप्स असतात, मशीनने घासलं की वरचा मळका थर जातो आणि खालून कोरा करकरीत निघतो. आमच्या गिरगावातल्या घरी वडिलांच्या वेळची लादी आहे, मागच्या दिवाळीआधी पॉलिश केली, येणारा जाणारा विचारतो नवीन बसवली का. व्हिट्रिफाइडला एकदा ओरखडे पडले की पडले, घासायची सोय नाही. काही बदलू नका. पॉलिशवाला बोलवा.

न्यूजर्सीची_मावशी
आमच्याकडे पॅसेजला ओक हार्डवूड आहे आणि बाथरूमला खालून हीटिंग, हिवाळ्यात अनवाणी चाललं तरी पाय गार पडत नाहीत. तिकडे मिळत असेल तर जरूर विचार करा.

खडूस
मावशी, ठाण्यात मे महिन्यात लादी आपोआपच गरम होते.

रत्नांग्रीकर
वुडनच्या नादाला लागू नका हे अनुभवाने सांगतो. आमच्याकडे लॅमिनेट टाकलं होतं, आत एचडीएफचा म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा गाभा असतो तो पाणी प्यायला, दुसऱ्या पावसाळ्यात सगळे जॉइंट फुगून वर आले, पायाला कडा लागायच्या. तळमजल्यावर तर जुलैत लादीलाच घाम फुटतो, पुसलं तरी तासाभरात परत ओलं. लाकडाचाच लूक हवा असेल तर एसपीसी घ्या, तो दगडाची पूड आणि प्लास्टिकचा असतो, पाण्याने फुगत नाही, चार ते सहा मिमी जाडी, जुन्या लादीवर पट्ट्या एकमेकींत क्लिक करत जायचं, दिवसात पॅसेज तयार, ना धूळ ना आवाज.

अण्णा_साईटवाले
एसपीसी खालची जमीन सपाट असेल तरच, खळगा असला की पाय पडल्यावर दबतं आणि क्लिकचं लॉक तुटतं. धागाकर्ते, तीन गोष्टी सांगा. लादी बदलायची वेळ का आली? पॅसेजमध्ये बाथरूमचं दार उघडतं का? घरात वयस्कर कोण आहे?

घाईत_ठाणेकर
प्लंबरने पाइप बदलायला पॅसेजच्या मधोमध चर खणलाय, बेडरूमपासून बाथरूमपर्यंत, वर नुसतं सिमेंट थापून गेला, म्हणून तर घाई आहे. बाथरूम पॅसेजमध्येच उघडतं, कॉमन आहे. आई आहे घरात, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर घेऊन चालते. साइज १४ फूट बाय साडेतीन. तिसरा मजला. पण याचा लादी कुठली घ्यायची याच्याशी काय संबंध?

खडूस
😀😀 काही नाही, सहज विचारलं.

अण्णा_साईटवाले
संबंध सगळा तिथेच आहे राव. आई ओल्या पायाने बाथरूममधून बाहेर येणार, पहिलं पाऊल पॅसेजमध्ये, तिथे ग्लॉसी म्हणजे विषयच संपला. दुसरं, जुन्यावर नवीन लावली तर लादी आठ-दहा मिमी, खाली अॅडहेसिव्ह तीन ते पाच, म्हणजे हॉलच्या तोंडाशी साधारण अर्ध्या इंचाची पायरी. धडधाकट माणसाला कळत पण नाही, वॉकरची पुढची चाकं मात्र नेमकी तिथे अडतात. तुमचा चर आधीच खणलाय तर पॅसेजचा मोझेक पूर्ण काढून टाका. मोझेकची लादीच इंचभर आणि खाली मसाला, भरपूर खोली मिळते, नवीन लादी हॉलच्या लेव्हलला बरोब्बर बसेल आणि बेडरूमची दारंही तासावी लागणार नाहीत. तोडायच्या आधी सोसायटीला पत्र द्या आणि डेब्रिज कोण उचलणार ते कडियाशी (गवंड्याशी) आधीच बोलून घ्या, नाहीतर गोण्या जिन्यात पडून राहतात.

मोझेकप्रेमी
चर आठ-दहा इंचाचाच असेल ना, तेवढ्यासाठी सगळं उखडायचं? ओट्याखालच्या किंवा कपाटाखालच्या लाद्या काढून चरात बसवायच्या आणि वरून मशीन मारायचं, लेव्हल आपोआप एक होते. आम्ही केलंय.

अण्णा_साईटवाले
तुमच्या जुन्या लाद्या न फुटता निघाल्या, नशीब तुमचं. आणि आरशासारखं पॉलिश केलेला मोझेक ओला झाला तर तोही घसरतोच की.

मोझेकप्रेमी
मग शेवटचं पॉलिश करू नका, मशीनच्या आधीच्या घासायच्या दगडावर थांबवा, मॅट राहतो. इतकं साधं आहे. लोकांना तोडफोडीतच रस.

वास्तू_मित्र
पॅसेज घराच्या कुठल्या दिशेला आहे? नैऋत्येला असेल तर फिकट रंग टाळावा.

खडूस
नैऋत्येला असेल तर आईने घसरायचं का?

चिंगी_डोंबिवली
कोटा वाईट नाही हं, आमच्या चाळीत होता, पण अॅसिडवालं बाथरूम क्लीनर सांडलं की पांढरा डाग पडतो आणि जात नाही, चुनखडीच ना ती. (तेच मोझेकलाही लागू, त्यातही मार्बलच असतो.) शहाबादी तर आता अंगणाशिवाय कुणी लावत नाही. कुणाला मार्बलवरचा हळदीचा डाग काढायचा उपाय माहितीये का? देवघरासमोर पडलाय.

रत्नांग्रीकर
मॅट व्हिट्रिफाइड घेणार असाल तर दुकानात आर-१० मागा, आर म्हणजे लादी किती घसरत नाही त्याचा नंबर. आर-९ सगळ्यात खालची पायरी, वर आर-१३ पर्यंत.

अण्णा_साईटवाले
आर-१० ठीक, पण ती जर्मन टेस्ट बूट घालून, उतारावर तेल टाकून करतात. ओल्या अनवाणी पायाची टेस्ट वेगळी, त्यात ए, बी, सी असतात. दुकानदाराला एवढं माहीत असेल ही आशा सोडा. सरळ दोन-तीन सॅम्पल घरी आणा, बादलीभर पाणी ओता, अनवाणी पाय घासून बघा. फार खरखरीतही नको, तिच्यात मळ बसतो आणि वॉकरची रबरी टोकं अडकतात.

घाईत_ठाणेकर
बरं, मॅट पक्कं. साइज? दुकानदार दोन बाय चार म्हणतोय, मला दोन बाय दोन स्वस्त पडतेय.

अण्णा_साईटवाले
दोन बाय दोन लावलीत तर साडेतीन फुटात एक अख्खी आणि दीड फुटाचा तुकडा, सांधा पॅसेजभर मधून जरा बाजूला पळत राहणार, डोळ्याला खुपतं. दोन बाय चार आडवी लावा, चार फुटाची बाजू रुंदीत, अर्धा फूट कापला जाईल पण लांबीत सांधाच नाही. १४ फूट म्हणजे साधारण ४२६७ मिमी, दोन फुटी म्हणजे ६०० मिमीच्या सात लाद्या गेल्यावर शेवटी जेमतेम अडीच इंचाची चिंधी उरते, कडिया ती बेडरूमच्या दारात मारून मोकळा होईल. त्याला आधीच सांगा, मधून सुरुवात कर, सहा अख्ख्या आणि दोन्ही टोकांना सारखे, फुटाहून जरा मोठे तुकडे. म्हणजे आठ लागतात, बॉक्समध्ये दोन येतात, पाच बॉक्स घ्या आणि सगळ्यांवर बॅच नंबर एकच आहे ना ते स्वतः बघा, शेड फरक पडतो.

खडूस
आणि सिमेंटच्या पाण्यावर चिकटवू देऊ नका. व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, साधं सिमेंट धरतच नाही तिला. अॅडहेसिव्हच, तोही पूर्ण पसरून दातेरी थापीने. चार कोपऱ्यात चार गोळे ठेवणारा कडिया दिसला की काम थांबवा. झाल्यावर नाण्याने ठोकत जा, पोकळ आवाज आला ती लादी त्याच दिवशी काढायला लावा.

घाईत_ठाणेकर
सिमेंटवर बसव असं तर कालच ठरलंय कडियाशी, अॅडहेसिव्हचे वेगळे मागेल. बघतो बोलून. आणि पाणी ओतून बघायला सॅम्पल देतात का दुकानवाले घरी?

अण्णा_साईटवाले
डिपॉझिट ठेवून देतात. पाइपची टेस्ट घेतली का चर बुजवायच्या आधी?

घाईत_ठाणेकर
कसली टेस्ट?

खडूस
पाइप गळतो का बघायची. शनिवार विसरा.

चिंगी_डोंबिवली
हळदीच्या डागाचं कुणीच सांगितलं नाही 🙁