नऊ जणांच्या ऑफिससाठी एआय असिस्टंटची किती लायसन्स घ्यावीत आणि वर्षाचा खर्च कसा धरावा?

प्रश्न : टेरी टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

सर्वांना नमस्कार. आमचा टेरी टॉवेल आणि नॅपकिनचा कारखाना आहे. माल मुख्यतः देशातल्या घाऊक व्यापाऱ्यांकडे जातो, थोडा निर्यात होतो. ऑफिसात नऊ जण आहेत : निर्यातीची कागदपत्रे पाहणारे दोघे, हिशेब आणि जीएसटीचे दोघे, विक्रीचे तिघे, एक डिझायनर आणि डिस्पॅच सांभाळणारा एक. आमच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या विक्रेत्याने या नऊही जणांसाठी दरमहा प्रत्येकी ३० डॉलर दराने एआय असिस्टंटची (पत्रे, मसुदे, भाषांतर करून देणाऱ्या साधनाची) लायसन्स वर्षभराच्या कराराने घ्यावीत, असा प्रस्ताव दिला आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, मोफत ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये आहेच, तेव्हा वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

मला दोन्ही म्हणणी पूर्णपणे पटत नाहीत. इंग्रजी पत्रव्यवहारात या साधनाचा उपयोग होतो हे मी पाहिले आहे. पण सुताचे भाव वरखाली होत असताना वर्षभराचा बांधील खर्च अंगावर घेताना तो कशाच्या आधारावर घेतला, हे मला सांगता आले पाहिजे. लायसन्स कोणाला द्यावे, कोणाला देऊ नये आणि बजेटमध्ये नेमका कोणता आकडा धरावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : शालेय गणवेश उत्पादक, सोलापूर

नमस्कार. माणसे मोजून लायसन्स घेऊ नयेत, कामे मोजून घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येकाने आठवडाभर आपण काय लिहिले, काय वाचून काढले आणि कशाचे भाषांतर केले, याची नोंद एका कागदावर करावी. ज्याच्या कागदावर लांब ईमेल, कोटेशन, तक्रारींची उत्तरे, टेंडरच्या अटी असे काम रोज दिसते, त्याच्याच नावावर लायसन्स घ्यावे. आपल्या यादीतले निर्यातीचे दोघे आणि विक्रीतला एक जण यात नक्की बसतील. डिस्पॅचवरच्या माणसाचा दिवस गाडी, बिल्टी आणि ई-वे बिलात जातो. त्याच्यासाठी महिन्याला ३० डॉलर मोजण्यात अर्थ नाही. डिझायनरची गरज वेगळीच असते आणि त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा सोयी बऱ्याचदा आधीपासून असतात, म्हणून आधी ते तपासावे.

आकडेमोडीसाठी मात्र या साधनावर विसंबू नये. आपल्याच धंद्यातले उदाहरण देतो. ३० बाय ६० इंचाचा, ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा) टॉवेल घ्या. इंचाचे मीटर केले की ०.७६२ गुणिले १.५२४, म्हणजे सुमारे १.१६ चौरस मीटर; त्याला ५०० ने गुणले की एका नगाचे वजन सुमारे ५८१ ग्रॅम, डझनाचे जवळजवळ ६.९७ किलो आणि अमेरिकी खरेदीदाराच्या भाषेत डझनाला सुमारे १५.४ पौंड. असिस्टंट हे गणित बहुतेक वेळा बरोबर करतो. पण एखाद्या वेळी मधली एक पायरी चुकवतो आणि चुकलेला आकडाही तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देतो. कोटेशनमध्ये डझनामागे अर्ध्या पौंडाचा फरक पडला तर सुताचा सगळा हिशेब फिरतो. म्हणून हे सूत्र एक्सेलच्या शीटमध्ये पक्के बसवून ठेवावे, तिथला आकडा उचलावा आणि असिस्टंटकडून फक्त पत्राची भाषा करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट हंगामाची. आमचा गणवेशाचा जोर मार्च ते जून असतो; त्या महिन्यांत दोन लायसन्स जास्त घ्यायची आणि जुलैत कमी करायची, हे फक्त मासिक करारातच जमते. मासिक दर थोडा जास्त असला तरी ही मोकळीक त्या फरकाइतकी मोलाची आहे.

उत्तर : कर सल्लागार, सोलापूर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. करापुरते आणि पैसे भरण्यापुरते लिहितो, कारण प्रस्तावातल्या ३० डॉलरमध्ये या बाबी दिसत नाहीत.

हिशेबासाठी डॉलर ९० रुपयांचा धरू. नऊ जणांचे वर्षाचे ३,२४० डॉलर, म्हणजे २,९१,६०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ५२,४८८ रुपये, असे एकूण ३,४४,०८८ रुपये होतात. तिघांचेच घेतले तर मूळ रक्कम ९७,२०० रुपये आणि कर १७,४९६ रुपये. विदेशी चलनात कार्डाने पैसे भरल्यास बँकेचा मार्क-अप (चलन बदलण्याचा जादा आकार) वेगळा लागतो, म्हणून बजेट करताना डॉलरच्या दरात थोडी वाढ गृहीत धरावी.

बिल कोण देतो, हे आधी विचारावे. भारतीय कंपनीने किंवा इथल्या विक्रेत्याने आपला जीएसटी क्रमांक घालून रुपयांत बिल दिले, तर क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या देय करातून वजा करण्याची सोय) नेहमीच्या पद्धतीने मिळते. बिल थेट परदेशी कंपनीचे असेल, तर ती सेवेची आयात ठरते आणि कर रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा असतो. हा कर प्रत्यक्ष पैसे भरूनच द्यावा लागतो, जीएसटीच्या खात्यात पडून असलेल्या क्रेडिटमधून वळता करता येत नाही. भरल्यानंतर त्याचे क्रेडिट घेता येते. म्हणजे खर्च वाढत नाही, पण तेवढी रोकड काही काळ अडकते. कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या, ठरावीक दराच्या जीएसटी योजनेत) असलेल्यांना क्रेडिट नाही, त्यामुळे त्यांनी पूर्ण १८ टक्के खर्चातच धरावेत.

इथे एक प्रकार मला वारंवार दिसतो. ऑफिसातला कोणीतरी स्वतःच्या नावाने, जीएसटी क्रमांक न देता खाते उघडतो; परदेशी कंपनी त्याला सामान्य ग्राहक समजून बिलातच कर लावते आणि त्या कराचे क्रेडिट फर्मला मिळत नाही. म्हणून खाते उघडतानाच बिलिंगच्या पानावर फर्मचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक भरावा.

शेवटी कार्डाविषयी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप वळत्या होणाऱ्या रकमेला साधारणतः १५,००० रुपयांपर्यंत प्रत्येक वेळी ओटीपी लागत नाही, त्यापुढे लागतो. नऊ जणांचे महिन्याचे २७० डॉलर, म्हणजे २४,३०० रुपये, ही मर्यादा ओलांडतात. तिघांचे ८,१०० रुपये तिच्या आत राहतात. ज्याच्या फोनवर ओटीपी येतो तो गावाला गेला आणि पैसे वळते झाले नाहीत, तर सगळ्यांचीच सेवा थांबू शकते.

उत्तर : सॉफ्टवेअर सल्लागार, मूळ सोलापूर, सध्या पुणे

आपल्या विक्रेत्याने सांगितलेला ३० डॉलरचा दर मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या एआय असिस्टंटचा असावा असे वाटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो याच दराने मोठ्या कंपन्यांसाठी आला आणि जानेवारी २०२४ मध्ये किमान ३०० लायसन्सची अट काढल्यामुळे लहान उद्योगांनाही खुला झाला. तसे असेल तर एक गोष्ट विक्रेत्याकडून लेखी घ्या : हे लायसन्स मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या (वर्ड, एक्सेल, आउटलुकच्या संचाच्या) पात्र लायसन्सवर चढवावे लागते. ते मूळ लायसन्स आपल्याकडे नसेल, तर त्याची किंमत वेगळी मोजावी लागेल आणि मग ३० डॉलर हा पूर्ण आकडा राहत नाही. वर्षाचा करार एकदा सुरू झाला आणि पहिले काही दिवस उलटले की, लायसन्सची संख्या मुदतीच्या मध्ये कमी करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आपली ईमेल खाती गूगल वर्कस्पेसवर (गूगलच्या व्यावसायिक ईमेल सेवेवर) असतील, तर नवीन काही घेण्यापूर्वी ॲडमिनच्या पानावर जाऊन पाहावे. जानेवारी २०२५ पासून गूगलने बिझनेस प्लॅनचे दर वाढवून जेमिनी या आपल्या एआय असिस्टंटच्या सोयी त्यांतच समाविष्ट केल्या आहेत. म्हणजे ज्याचे पैसे आपण आधीच भरत आहात, तेच दुसऱ्या नावाने पुन्हा विकत घेतले जाण्याची शक्यता आहे. चॅटजीपीटीची लहान गटांसाठीची योजना जानेवारी २०२४ मध्ये आली, तेव्हा वार्षिक कराराने २५ आणि मासिक कराराने ३० डॉलर असा प्रति व्यक्ती दर होता आणि किमान दोन जण लागत. दर बदलत असतात, म्हणून मागणी देण्याच्या दिवशी कंपनीच्या अधिकृत पानावरचा आकडा घ्यावा.

आता आपल्या बंधूंच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो वरवर दिसतो तेवढा साधा नाही. मोफत आणि वैयक्तिक योजनांमध्ये आपण लिहिलेला मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करावे लागते आणि नऊ फोनवर कोणी ते बंद केले आहे, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. व्यावसायिक योजनांमध्ये असा वापर मुळातच बंद असतो. परदेशी खरेदीदाराचे डिझाइन आणि दर गुप्त ठेवण्याचा करार आपण केला असेल, तर विक्रीतल्या मुलाने ते दर स्वतःच्या मोफत खात्यात चिकटवणे हा त्या कराराचा भंग ठरू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, कायद्यात कमाल दंडाची तरतूद २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. कामगारांची आधार आणि बँक खात्याची माहिती अशा ॲपमध्ये जाता कामा नये, हे हिशेब विभागाला लेखी कळवावे. ही दक्षता लायसन्स नसलेल्या सहा जणांच्या बाबतीत जास्त घ्यावी लागेल, कारण मोफत ॲप वापरणार ते हेच.

प्रश्नकर्ता : टेरी टॉवेल उत्पादक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमची ईमेल खाती वर्कस्पेसवरच आहेत, त्यामुळे आधी तिथे काय मिळते ते पाहतो. दोन शंका राहिल्या. एकाच लायसन्सचा पासवर्ड दोघांना दिला तर चालेल का? आणि हैदराबादच्या व्यापाऱ्यांना तेलुगूत, हुबळीकडच्यांना कन्नडमध्ये पत्रे पाठवायची असतात. तिथे या साधनावर कितपत भरवसा ठेवावा?

उत्तर : सॉफ्टवेअर सल्लागार

पासवर्ड वाटून घेऊ नये. तो लायसन्सच्या अटींचा भंग आहेच, शिवाय कोणत्या पत्रात कोणी काय लिहिले हे नंतर शोधता येत नाही. खात्याचे ॲडमिन अधिकार आपल्या स्वतःकडे आणि फर्मच्या ईमेल पत्त्यावर असावेत. नोकरी सोडून जाणाऱ्याबरोबर खाते जाऊ नये.

तेलुगू आणि कन्नड मसुदे कामापुरते चांगले येतात. त्यातही सोलापुरात आपली सोय मोठी आहे : कारखान्यात तेलुगू घरात बोलणारी आणि कन्नड सहज वाचणारी माणसे बहुतेक असतातच. पहिली काही पत्रे पाठवण्यापूर्वी त्यांच्याकडून वाचून घ्या. विशेषतः उधारीची मुदत, गाठींची संख्या आणि दर या तीन ठिकाणी मूळ मराठी मसुद्याशी ताडून पाहा, कारण भाषा गोड असूनही नेमके तिथेच काही गळलेले असू शकते.