झटका नको, लाईन ताणलेली ठेवा
स्क्विड (माकूल) गळाने पकडण्याबद्दल काही जण सांगतात की लागल्यासारखं वाटलं की रॉडला जोरात झटका द्या, ते माशांसाठी ठीक पण स्क्विडला अजिबात नको. तो बऱ्याचदा जिग (आकडे लावलेलं नकली आमिष) नुसत्या दोन लांब सोंडांनी धरतो आणि झटक्याने त्या तुटतात, माझ्या पहिल्या ट्रिपला तीनदा नुसती सोंडच वर आली, फार वाईट वाटलं. शिवाय जिगच्या आकड्यांना उलटा काटा नसतो, त्यामुळे लाईन जरा सैल पडली की सुटलाच म्हणून समजा. ड्रॅग (रीलचा ब्रेक, जास्त ताण आला की लाईन सोडणारा) हलका ठेवा आणि बोट लाटेवर वरखाली होत असली तरी न थांबता एका लयीत गुंडाळत राहा.

आणि हो, वर आल्यावर घाईने आत ओढू नका, शाई आधी पाण्यातच सोडू द्या.